काउंटर काढलं, रॅक लावले, आणि गिऱ्हाईक गोंधळलं

कराडच्या बाजूच्या एका गावातल्या सुनेचं पत्र आलंय. मोठं आहे, थोडक्यात सांगते. सासऱ्यांचं, म्हणजे आण्णांचं, ३५ वर्षांचं किराणा दुकान. दिवाळीनंतर हिने आणि हिच्या मिस्टरांनी लाकडी काउंटर काढलं, बरण्या माळ्यावर टाकल्या, १४ रॅक आणले आणि ९०० स्क्वेअर फुटात मिनी मार्ट केलं. कर्ज आहे. लोक आत येतात, फिरतात, दोन वस्तू घेऊन बाहेर पडतात. जुन्या बायका तर दारातूनच "आण्णा, अर्धा किलो भगर द्या" म्हणतात आणि रॅककडे बघतसुद्धा नाहीत. चहा सोमवारी संपलेला असतो, आणि मागच्या महिन्यात बिस्किटं आणि नूडल्सची दोन खोकी एक्सपायर निघाली. आण्णा बोलत नाहीत, कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतात. ती विचारते, "ताई, मर्चंडायझिंगचा, म्हणजे दुकानात माल मांडायचा, ऑनलाइन कोर्स करू का? कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? की काउंटर परत लावू?"

अगं, पूर्वीसारखं सगळ्या दुकानाचं काउंटर परत लावू नकोस. आणि कोर्सचे पैसे पण आत्ता ठेव बाजूला. मी १६ वर्षं कंपन्यांची मर्चंडायझर म्हणून पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत दुकानांमधे रॅक लावलेत, नंतर मुलींना शिकवलं पण, त्यामुळे तुला मनापासून सांगते की तुझा कोर्स तुझ्याच दुकानात कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलाय.

गंमत म्हणून नाही सांगत. काउंटरच्या दुकानात सगळी मांडणी दुकानदाराच्या डोक्यात असते. गिऱ्हाईक म्हणतं "भगर", आण्णांचा हात आपोआप बरणीकडे जातो आणि तोंडातून निघतं "शेंगदाणे देऊ का, साबुदाणा नवीन आलाय". म्हणजे कुठली वस्तू कुठल्या वस्तूबरोबर जाते, कोणाला पाव किलो लागतं आणि कोणाला पाच किलो, कोणाला स्वस्त दाखवायचं आणि कोणाला चांगलं, हे सगळं ते बोलून करत होते. तुम्ही काउंटर काढलं तेव्हा ते बोलणं पण काढून टाकलं, आणि त्याच्या जागी रॅकला बोलायला शिकवलंच नाही. एवढंच झालंय बघ. सेल्फ सर्व्हिसचं दुकान अमेरिकेत मेम्फिस शहरात १९१६ साली सुरू झालं, पिगली विगली नावाचं, तोपर्यंत तिकडेही गिऱ्हाईक यादी द्यायचं आणि नोकर माल काढून द्यायचा. तेव्हा त्या मालकाला पण प्रत्येक वस्तूवर किंमत लावावी लागली, गिऱ्हाईक कुठल्या वाटेने फिरेल ते ठरवावं लागलं, कारण सांगायला मधे माणूसच नव्हता. आणि आपल्याकडे लांब कशाला जायचं, आण्णांना विचार, त्यांनी वारणा बाजार, ते वारणानगरचं सहकारी स्टोअर, बघितलं असणारच, तुमच्या भागातल्या माणसाला टोपली हातात घेऊन फिरायची सवय तिथे कधीचीच लागलीय. त्यामुळे "आपल्याकडे चालत नाही" असं काही नाही.

तर पहिलं काम. एक दुरेघी वही घे, दुपारी दुकान थंड असतं तेव्हा आण्णांजवळ बस आणि विचार की लोक काय एकत्र मागतात. रव्याबरोबर काय? साखर आणि चहा तर झालंच, पण पोह्यांबरोबर? पापडखार कोण मागतं, कधी? उपासाची यादी कशी असते, बाळंतिणीची कशी असते, लग्नघरची कशी असते? तीन चार दुपारी लागतील, लागू देत. ते सांगतील तसं लिही, मधे दुरुस्त्या करू नकोस. मोठ्या दुकानांमधे रॅकचा नकाशा असतो, कुठल्या फळीवर कुठली वस्तू किती जागेत, त्याला प्लॅनोग्राम म्हणतात, तो करायला लोक बसवलेले असतात. तुझा प्लॅनोग्राम त्या वहीत तयार होईल. मी खूप दुकानं बघितली ज्यांनी हा नकाशा शहरातल्या मॉलचा फोटो काढून तसाच लावला, आणि मग भगर कुठेतरी "ब्रेकफास्ट" नावाच्या रॅकमधे जाऊन बसली. तुझ्याकडे मंगळवारी आणि एकादशीला भगर घेणारी बाई येते, तिला "उपवास" अशी पाटी हवी, मोठ्या मराठी अक्षरात.

दुसरं काम उभं राहून बघायचं. कागदावर दुकानाचा आराखडा काढ, दार, रॅक, बिलिंग, आणि एक तास गिऱ्हाईक कुठून कुठे जातं त्याच्या पेन्सिलने रेघा ओढ. सकाळी एक कागद, संध्याकाळी एक, बाजाराच्या दिवशी एक. आठवड्यात तुला दिसेल की दोन रॅकपुढे कोणी जातच नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं, तिथे ट्यूब गेलेली असते, नाहीतर पोती मधे ठेवलेली असतात, नाहीतर दोन रॅकमधली वाट इतकी अरुंद की पिशवी घेतलेल्या दोन बायका एकमेकींच्या बाजूने जाऊ शकत नाहीत. टेप लावून बघ, तीन फुटापेक्षा कमी वाट असेल तर एक रॅक काढूनच टाक, हो खरंच, १४ चे १३ कर. रॅक कमी झाला म्हणून विक्री कमी होत नाही, वाट बंद झाली की होते.

आता चहाचं बघू, कारण सोमवारी चहा संपतो हे तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे असं मला वाटतं. तू लिहिलंयस की एक चालणारा ब्रँड आहे तो आठवड्याला साधारण २४ पुडे जातो, आणि एक नवीन आलाय तो ४ जातो पण मार्जिन चांगलं आहे आणि सेल्समनने स्कीम दिली म्हणून त्याला पाच ओळी दिल्यात. समोरून जेवढे पुडे दिसतात त्याला आम्ही फेसिंग म्हणतो. तर टेप घे. समजा पुडा ९ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर जाड, फळी ९० सेंटिमीटर लांब आणि ४० खोल. म्हणजे एका फेसिंगमागे सहा पुडे बसतात. चालणाऱ्या ब्रँडला तुम्ही चार फेसिंग दिलेत, म्हणजे २४ पुडे, बरोबर तेवढेच जेवढे आठवड्यात जातात. माल येतो मंगळवारी. जरा कुठे बारसं झालं, कोणाकडे पाहुणे आले, की रविवारीच फळी रिकामी आणि सोमवारी बाई चहा शोधून परत जाते, आणि चहा नाही म्हणून साखर पण दुसरीकडूनच घेते. हिशोब असा कर की दोन खेपांच्या मधे जेवढं विकतं ते अधिक त्याच्या निम्मं, म्हणजे २४ अधिक १२, ३६ पुडे फळीवर हवेत, सहाने भाग, सहा फेसिंग. नव्या ब्रँडला ४ अधिक २, सहा पुडे, एकच फेसिंग पुरतं, पण एक पुडा नजरेत भरत नाही म्हणून दोन दे. ५४ अधिक १८, ७२ सेंटिमीटर झाले, उरलेल्या १८ मधे आण्णांची सुटी पत्ती पाव किलोत पॅक करून ठेव.

आणि मार्जिनचं पण जागेवर मोजायचं, पुड्यावर नाही. समजा चालणाऱ्यात पुड्यामागे ६ रुपये सुटतात, २४ पुड्यांचे १४४, जागा ५४ सेंटिमीटर, म्हणजे सेंटिमीटरला २ रुपये ६७ पैसे. नव्यात १५ सुटतात, चार पुड्यांचे ६०, ते १८ सेंटिमीटरमधे बसवलं तर ३ रुपये ३३ पैसे, म्हणजे माल वाईट नाहीये, ठेव. पण तोच माल ४५ सेंटिमीटर अडवून बसला तर १ रुपया ३३ पैसे. माल तोच, मार्जिन तेच, फक्त जागा जास्त दिली. हा हिशोब एकदा हाताला लागला ना की सेल्समन काहीही बोलू दे, तू शांतपणे टेप काढशील.

सेल्समनशी भांडायचं नाही हं. त्याला टार्गेट असतं, तो त्याचं काम करतो. पण नजरेसमोरची फळी, बिलिंगच्या जवळची जागा आणि रॅकच्या टोकाची जागा जिला एंड कॅप म्हणतात, ह्या तीन जागा तुझ्या आहेत आणि फुकट द्यायच्या नाहीत. कंपनी डिस्प्लेचे पैसे देते, ते किती, किती महिने, कुठल्या बिलात वळते होणार, आणि न खपलेला, खराब झालेला माल परत घेणार का, हे व्हॉट्सॲपवर तरी लेखी घे. तोंडी स्कीमवर फळी देऊ नकोस.

एक्सपायरीचं आता. हे वाचून मला माझे सुरुवातीचे दिवस आठवले, मी पहिल्या वर्षी एका मोठ्या दुकानात लहान बाळांच्या खाऊचे डबे भरायचे, घाईत नवीन डबे पुढे लावायचे कारण मागचे काढायचे, पुसायचे आणि परत लावायचे कोण. चार महिन्यांनी एक बाई डबा घेऊन आली, तारीख उलटलेली, बाळाला भरवायला काढला तेव्हा बघितली. भरवला नव्हता, पण त्या बाईचा चेहरा मी विसरले नाहीये. तेव्हापासून माझा नियम आहे की नवीन माल लावायचा तर फळी आधी पूर्ण रिकामी करायची. ज्याची तारीख आधी संपते तो पुढे. आधी आलेला पुढे असं नाही, तारीख आधी संपणारा, कारण डिस्ट्रिब्युटर कधीकधी नंतरच्या खेपेत जुन्या तारखेचा माल देतो. खोकं उतरवून घेतानाच तारीख बघ आणि खोक्यावर मार्करने महिना लिही, मोठ्ठा. भिंतीवर १२ महिन्यांचा कागद लाव, ज्या महिन्यात जे संपतं ते त्या घरात लिही, आणि दीड महिना आधी तो माल टोपलीत काढून कमी किमतीत दे किंवा डिस्ट्रिब्युटरला परत कर. तारीख उलटलेला खाण्याचा माल एक मिनिट पण फळीवर नको, कायद्यानेही नाही आणि माणुसकीनेही नाही.

पावसाळ्यात तुमच्या भागात हवा किती ओली असते तुला सांगायला नको. रवा, मैदा, बेसन कमी आण, वरचेवर आण, टोके म्हणजे किडे होतात. जमिनीवर पोतं थेट ठेवायचं नाही, लाकडी पाट किंवा पॅलेट खाली, आणि भिंतीपासून वीतभर लांब, म्हणजे ओल पण लागत नाही आणि उंदीर कुठून येतात ते दिसतं. आणि अगरबत्ती, साबण, फिनेल, डांबरगोळ्या ह्यांचा रॅक चहा, पोहे, पिठांपासून लांब, शक्यतो दुसऱ्या टोकाला. चहा वास फार पटकन धरतो. आण्णांनी इतकी वर्षं अगरबत्तीचं कपाट वेगळं का ठेवलं होतं ते तुम्ही विचारलं नाही ना? मला वाटलंच.

फळ्यांचं साधं आहे. जड ते खाली, तेलाचे डबे, पाच किलोचा आटा, म्हणजे काही पडलं तरी डोक्यात नाही पडणार. कमरेपासून नजरेपर्यंतच्या फळ्यांवर जे रोज लागतं आणि ज्यात तुला सुटतं ते. पण नजर कोणाची? तुझे मिस्टर सहा फूट असतील तर त्यांच्या नजरेने फळ्या लावू नका, तुमच्याकडे खरेदी बायका करतात, तू स्वतः उभी राहून लाव. तेल उन्हात नको, खिडकीजवळ ऊन येत असेल तर तिथे झाडू, बादल्या ठेव. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा नुसत्या लटकवून ठेवू नकोस, हूकवर एका ओळीत, म्हणजे रांग नीट दिसते.

सामानाची पिशवी सांगते जी मी अजून वापरते. पाच मीटरचा टेप, आत ओढून घेता येणारं पातं असलेला कटर (खोकं कापताना पातं आत घुसू द्यायचं नाही, आतल्या पुड्या कापल्या जातात, पातं थोडंसंच बाहेर काढायचं), रबरी हातोडी फळीचे ब्रॅकेट खाचेत बसवायला, लोखंडी हातोडीने पत्रा वाकतो आणि मग फळी कधीच सरळ बसत नाही. छोटी लेव्हल, पाण्याच्या बुडबुड्यावाली, कारण गावातल्या फरशीला उतार असतो आणि रॅकच्या पायांना फिरवून उंची कमी जास्त करायची सोय असते, ती कोणी वापरत नाही, मग बाटल्या एका बाजूला सरकतात. जाड मार्कर, दोन्ही बाजूने चिकटणारी टेप, केबल टाय, सुती फडकं, आणि एक पायरीचं मजबूत स्टूल. प्लास्टिकच्या खुर्चीवर चढायचं नाही, कृपा करून. आणि भिंतीलगतचे उंच रॅक भिंतीला क्लॅम्पने पक्के केलेत का बघ आधी, लहान मुलं फळीला लोंबकळतात. हे आज कर, बाकी उद्या.

किमतीच्या पट्टीबद्दल तू काही लिहिलं नाहीस, म्हणजे बहुतेक लावलीच नसणार. जुन्या बायका रॅककडे बघत नाहीत त्याचं अर्धं कारण हे आहे गं. किंमत दिसत नाही, विचारायची लाज वाटते, बिलिंगला गेल्यावर जास्त निघाली तर चारचौघात वस्तू परत ठेवावी लागते, त्यापेक्षा आण्णांना दारातून विचारलेलं बरं. फळीच्या पुढच्या कडेला पट्टी असते तिच्यात किंमत, वस्तूचं नाव आणि वजन, मराठीत, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं. लेबल त्या वस्तूच्या डाव्या कडेपासून सुरू कर, सगळ्या दुकानात तसंच, म्हणजे कुठली किंमत कुठल्या वस्तूची हा घोळ होत नाही. थर्मल प्रिंटरची लेबलं ऊन आणि उष्णतेने फिकट होतात, खिडकीकडची दर काही आठवड्यांनी बदल. स्टिकर मारताना पुड्यावरची एमआरपी, तारीख, बॅच नंबर झाकायचा नाही. कमी किमतीत देतेस तर दोन्ही दिसू देत, तुझाच फायदा.

तुम्ही स्वतः पॅक करता त्या डाळी, पोहे, मसाल्यांवर पण नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीचा फोन, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ आकडी नंबर, आणि कधीपर्यंत वापरायचं, हे सगळं लागतं. नुसती पारदर्शक पिशवी आणि त्यावर पेनने "५५" असं चालत नाही. पॅकर म्हणून वैधमापनकडे, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, नोंदणीचं काय ते तुमच्या सीएंना विचारून घ्या. वजनकाट्यावरचा शिक्का पण बघ, इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी असते.

सॉफ्टवेअर नवीन काही घेऊ नकोस. तुमच्याकडे बिलिंगचं आहे म्हणतेस, त्यात वस्तूनिहाय विक्रीचा रिपोर्ट असतो, तो तुम्ही कधी उघडलाय का? दर सोमवारी तो काढ आणि मोबाईलवर गूगल शीटमधे पाच रकाने कर, वस्तू, आठवड्याची विक्री, फेसिंग, किती सेंटिमीटर, किती सुटले. सगळ्या दुकानाचं एकदम नको, दर आठवड्याला एक रॅक. ज्या वस्तूंना बारकोड नाही, म्हणजे तुमचं स्वतःचं पॅकिंग, त्यांना दुकानापुरते बारकोड '२' ह्या आकड्याने सुरू होणारे देतात, ते फक्त आपल्याच दुकानात चालवायचे असतात, तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला सांग तो करून देईल. पण मालाचं नाव भरताना एकसारखं भरा, एकदा "शेंगदाणा" एकदा "शेंगदाणे घुंगरू" एकदा इंग्रजीत असं केलं की रिपोर्टचा काही उपयोग नाही. आणि रोज रात्री दुकान बंद करताना प्रत्येक रॅकचा समोरून एक फोटो. महिन्याभराने ते फोटो एका मागे एक बघ, कुठली फळी नेहमी रिकामी दिसते आणि कुठली हललेलीच नाही ते कुठल्याही रिपोर्टपेक्षा आधी कळेल.

आण्णांना खुर्चीवरून उठवायचं कसं हे तू विचारलं नाहीस, पण पत्रात तेच सगळ्यात जास्त आहे. दारातून आत आल्यावर डाव्या हाताला चार फुटाचं छोटं काउंटर कर, जुन्याच लाकडाचं झालं तर फारच छान. त्यावर काटा, मागे बरण्या, सुट्या डाळी, गूळ, खडा मसाला, चहापत्ती. ही दया म्हणून करू नकोस, हिशोब म्हणून कर. सुट्या मालात मार्जिन असतं, पाव किलो घेणारं गिऱ्हाईक तुटत नाही, आणि ज्या बायका दारातून आवाज देतात त्या तिथे थांबतील, आण्णा म्हणतील "बाकीचं तिकडे तिसऱ्या रॅकला आहे, घेऊन ये, मी पाव किलो भरून ठेवतो". म्हणजे आण्णांच्या तोंडून त्यांना रॅक कळतील.

आषाढ चालू आहे, श्रावण तोंडावर आलाय, म्हणून सुरुवात उपासाच्या रॅकने कर, एकच रॅक. आण्णांच्या वहीतली उपासाची यादी घे, साबुदाणा, भगर, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू आणि पीठ, शिंगाड्याचं पीठ, सैंधव, बटाट्याचा कीस, खजूर, तूप. साबुदाणा आणि शेंगदाणे शेजारी शेजारी आणि त्यांना सगळ्यात जास्त फेसिंग, पाव, अर्धा आणि एक किलोत. सैंधव एका बाजूला हरवू देऊ नकोस, भगरीच्या शेजारी ठेव, ते विसरूनच लोक घरी जातात. गणपतीच्या आधी हाच रॅक उतरवून तिथे तांदळाची पिठी, गूळ, खोबरं, वेलदोडे, कापूर येईल, त्याची यादी पण आत्ताच आण्णांकडून घेऊन ठेव, आणि नारळ किती लागतात ते त्यांना विचारल्याशिवाय ऑर्डर करू नकोस. रॅक लावायच्या आधीचा आणि लावल्यानंतर पहिल्या श्रावणी सोमवारच्या रात्रीचा, असे दोन फोटो मला पाठव, कुठे किती पुडे उरले ते बघून फेसिंगचे आकडे आपण दोघी मिळून परत मांडू.